डोक्यावरची मतदार

अमेरिकेतल्या डुलुथ गावी, शाळेच्या जिममध्ये मतदानाची रांग हलेना. माझ्यापुढे म्हातारा आर्विड आणि त्याची बायको लोर्ना उभे होते.

"निम्मी माणसं त्या आयत्या वेळच्या नावनोंदणीच्या टेबलावर बसवलीत. आपली रांग सरकणार कशी? वर त्यांचा पगार आपल्याच करातून."

"हळू बोल, आर्विड."

"महिनाभर आधी नाव घालायला काय होतं यांना?"

टेबलापाशी अडलेली तरुणी वळली. "महिनाभर आधी मी या गावातच नव्हते, आजोबा. पत्त्याला पुरावा म्हणावा तर विजेचं बिल बहिणीच्या नावावर आहे, आणि इस्पितळात माझी ड्यूटी आत्ता सुरू होतेय."

"तुम्ही इथे राहता, असं या भागातला कुणी मतदार शपथेवर सांगेल का?" टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"मी कुणालाच ओळखत नाही हो."

"आर्विड, अरे ही आपल्या वरच्या घरातली."

"कोण? ती दणदण चालणारी?"

"म्हणजे झाडूने छत ठोकणारे तुम्हीच?"

"रोज ठोकतो."

"मग घे की शपथ," लोर्ना म्हणाली.

"माझा नंबर जाईल."

"जाऊ दे."

"शाळेसाठीच्या नव्या करावरही आज मत द्यायचंय. त्याला काय म्हणणार गं तू?" आर्विडने त्या मुलीला विचारलं.

"हो म्हणणार."

"मी नाही म्हणणार आहे."

"इथे मताबद्दल बोलायचं नाही!" टेबलावरच्या बाई कडाडल्या. "शपथ घेताय की नाही?"

आर्विडने रांगेकडे पाहिलं, मग त्या मुलीकडे. टेबलाशी जाऊन त्याने उजवा हात वर केला.

"राहते. माझ्या डोक्यावरच राहते. सही कुठे करू?"