शंभर अंडी

थायलंडमधल्या खोन केनच्या विद्यापीठात बसच्या रांगेत शेवटच्या वर्षाच्या दोन मुली, ऑर्न आणि बायतोय, माझ्यापुढे उभ्या होत्या.

"बायतोय, उत्तर आलं गं! एकशेसतरा क्रेडिटचे तीनशे एक्क्याऐंशी गुण. राहिला तीन क्रेडिटचा एकच पेपर. त्यात 'बी' मिळाला की आणखी नऊ. भागिले एकशेवीस, बरोब्बर सव्वातीन!"

"म्हणजे ऑनर्स? ऑर्न, नक्की?"

"नक्की! 'बी' तर मला झोपेतही मिळेल!"

"आणि ऑनर्ससाठी देवळात नवस बोललेली शंभर उकडलेली अंडी?"

"ती वाहणारच."

"कशाला? देवानं काय केलं? सगळी बेरीज तू केलीस."

"म्हणूनच तर! गणितात मला 'सी' होता, विसरलीस?"