गुळगुळीत कागदाची लग्नपत्रिका

आता चहा घेता घेता ऐका. वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा तेव्हा मेहकरात माझा छापखाना होता. डोणगावचे किसनकाका थोरल्या मुलीची लग्नपत्रिका छापायला आले आणि लेप दिलेल्या चकचकीत आर्ट पेपरवरच अडून बसले.

मी म्हटलं, "काका, यावर छपाई झकास येते, पण दौतीची शाई मुरत नाही. पाहुण्यांची नावं कशी लिहाल?"

"माह्या पोरीचं लगन हाय. साधा कागद काऊन घेऊ?"

काकांनी त्यावरच नावं लिहिली आणि गठ्ठा न्हाव्याकडे देऊन जानेफळला पाठवला. वाटेत सगळी नावं पुसली गेली. न्हाव्याने मग दिसेल त्या घरी पत्रिका दिली. त्यातलं एक घर काकांच्या चुलतभावाचं निघालं. शेताच्या बांधावरून दोघांचा कित्येक वर्षं अबोला होता.

लग्नात तो पत्रिका घेऊन काकांपुढे उभा राहिला. "किसन, माह्यं नाव लिहून पुसलं काऊन बे?"

काकांनी पत्रिकेवरच्या डागाकडे पाहिलं. मग म्हणाले, "शाई खराब होती. चल, जेवाले बस."

पंगती उठल्यावर काका माझ्या कानाशी आले. "धाकटीच्या पत्रिकेले बी हाच कागद लाव. तिच्या मामाशी बी माह्यं बोलणं बंद हाय."