उलटा गिअर

पंक्चर निघेपर्यंत मी जुन्नरच्या एका गॅरेजात पुस्तक उघडून बसलो होतो. वाचत होतो, असं मात्र म्हणवत नाही. एक तरुण मोटरसायकल घेऊन आला आणि मेकॅनिकला म्हणाला,

“संपतभाऊ, गिअर परत सुलटा करून द्या.”

“का रं भैरू? रेसवाल्यावानी पायजे म्हणून हट्टानं उलटा करून नेलास की! दाबला की वरचा, उचलला की खालचा.”

“आबांनी भीमाशंकरला नेली व्हती गाडी. मागं आई बसलेली.”

“आबांना ठावं नव्हतं व्हय?”

“व्हतं की. सपाटीला नीट गेले. चढाला समोरून टेम्पो आला, आन् खालचा गिअर टाकायला जुन्या सवयीनं पायानं दाबला, तर वरचाच पडला. गाडी बंद पडून मागं आली. आईचा हात मोडला.”

“आरारा! आबा काय म्हणाले तुला?”

“म्हणत्यात, माझीच अक्कल म्हातारी झाली. आता रोज ओट्यावर बसून पाय वर-खाली करत्यात. गिअर पाठ करत्यात, भाऊ.”

“उलटे?”

“उलटेच. आईला पलस्तर काढायला मीच नेणार म्हणत्यात.”

“मग आता सुलटा केला, तर परत चुकतील की रं!”

“तेच कळंना.”

“बोल लवकर. फिरवू का ऱ्हाऊ दे?”

“त्यांनाच इचारतो.”

“उलटा करताना इचारलं व्हतंस?”

“न्हाई. नुसतं सांगितलं व्हतं.”