सिडनीचं स्थळ

दूरच्या स्थळाचं मले सांगू नका, आमच्या केनवडच्या मामाकडं काय झालं ते ऐका. मामाच्या पल्लवीले पाहाले सिडनीत नोकरी करणारा पोरगा आला, संगं त्याची आई. मामीनं चहा देता देता इचारलं, "केवढं दूर हाय बाप्पा ते?"

पोरगा म्हणे, "मुंबईहून दहा हजार किलोमीटर, काकू."

मामीच्या डोळ्यात पाणीच आलं. "एवढ्या दूर पोरगी कशी देऊ मी?"

पोरगा घाबरला. "दूर कायचं? विमानात बसलं का बारा-तेरा तासात सिडनी! इथून मुंबईले जायलेच तेवढा वेळ लागते."

मामीले पटलं. पण आता पल्लवीचं तोंड उतरलं. ती पोराले म्हणे, "मंग तुमची आईबी तेवढ्याच वेळात पोचत असन?"

 मामानं कपाळाले हात लावला. मले वाटलं, गेलं स्थळ हातचं. पोराची आई मात्र बशी खाली ठेवून म्हणे, "नाही वं पोरी, मले विमानाचं लय भेव लागते. आजपावतर एकडावबी नाही गेली मी."

पल्लवी लगेच मामीकडं वळली. "आई, मले पसंत हाय."

अन् सगळ्यात मोठ्यानं हासलं कोण? तिची आताची सासू!