बाटलीच्या मापाचा स्वेटर

दातांच्या डॉक्टरांकडे बसून ऐकलेलं हे बोलणं. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं असेल, तर माझी उरलेली एकुलती दाढ पडो. शेजारी एक मामा आणि त्यांची भाची, दोघांची डोकी एकाच फोनात.

“मामा, वर्षभर त्या विणकामाच्या ग्रुपवर नुसते वाचत बसलात. आज तरी लिहा.”

“तिथे एकेक उस्ताद आहे गं. मी काय लिहू?”

“या नव्या बाईंचं वाचा. ‘पहिलाच स्वेटर, गळ्यातून डोकं जात नाही. आता सगळा उसवते आणि सुया देऊन टाकते.’ सकाळपासून कुणी उत्तर दिलेलं नाही.”

“अरेरे. टाके घट्ट बंद केले असणार. माझंही तेच झालं होतं.”

“तोच ना, मामीने पाण्याच्या बाटलीला घातलेला?”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“फोटो आहे माझ्याकडे. टाकू?”

“अब्रू जाईल माझी. थांब, आधी लिही. म्हणावं, सगळा उसवू नका. फक्त गळ्याची शेवटची ओळ उसवा आणि जाड सुईने सैल हाताने बंद करा.”

“लिहिलं. आणि फोटो?”

“टाक. बाटलीसकट टाक.”

“मामा, आलं उत्तर. ‘खूप हसले. सुया परत हातात घेतल्यात. तुम्ही आहात ना इथे?’”

“आहे म्हणावं. मी कुठे जातोय?”

“काका, तुमचा नंबर आला. आत चला.”

“ताई, आधी या कान लावून बसलेल्या आजोबांना घ्या. माझी दाढ थांबेल.”