झडतीनंतर आलेला माणूस

न्हाई, न्हाई, आत न्हाई — तिथंच थांबा. पायरीवर बसा हवं तर, सावली हाय. पानी देते, पान्याला ह्या घरानं कुनाला न्हाई म्हनलं न्हाई, पन उंबऱ्याच्या आत पाय नगं. घ्या. प्या की! मान काय डोलावताय नुसती? कोन, कुठनं आला, इचारलं तर हसताय. मागच्या टायमाला त्योबी आसाच आला हुता. साधा शर्ट, हातात पिशवी, तोंड कसं गरीब गाईवानी — "मावशी, पानी मिळंल का?" मिळंल की! तांब्या भरून दिला. पानी पिता पिता त्याचं डोळं मातूर फिरत हुतं — खोल्या किती, मागं दार हाय का, दोरीवर कुनाची साडी वाळतीय. आन् तांब्या खाली ठेवतोय न् ठेवतोय तवर पोलिसांची जीप दारात! मग आता तुमच्याकडं मी कशी बघू, सांगा.

तुमास्नी ठाव आसंलच म्हना. न्हाई? बरं, न्हाई तर न्हाई. मी पार्वतीबाई. माझा महेंद्र रांजणगावात कंपनीला हाय, त्या दिशी कामावर गेल्ता. घरात मी आन् सून. साहेब म्हनला, हितं परदेशी मानूस लपवलाय, बांगलादेशी, आमाला घरात शिरून झडती घ्यायचा कायद्यानं अधिकार हाय. आसंल बाबा! पन पंच कुठंयत, म्हनलं, चोराच्या घरीबी पंच लागत्यात. बाई शिपाई कुठं हाय? तर म्हनला, मावशी, परदेशी मानसाला त्यातलं काय लागत न्हाई. खरं का खोटं त्यालाच ठाव — आन् शिरलं की बुटासकट! ज्वारीची कनगी उपडी केली, अंथरुनं झटाकली, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटू उतरवला. फोटूमागं मानूस लपतंय व्हय? तवा मातूर मी वरडले — जाग्यावर ठेवा त्यो, ज्यानं कायदा लिव्हला त्योय त्यो! सून? सून काय घावली न्हाई त्यांना. जीप दिसल्या दिसल्या मी तिला मागल्या दारानं शेजारच्या खुर्शिदकडं — म्हंजी, ती आधीच गेल्ती तिकडं. पापड लाटायला.

आन् लपवायसारखं काय हाय तिच्यात? करुणा नाव तिचं. मालद्याची हाय — मालदा, पश्चिम बंगाल, भारत. कंपनीत पॅकिंगला हुती, चुलता-चुलतीसंगं कामगारांच्या खोल्यांत ऱ्हायची. महेंद्रानं लग्नाचं काढलं तवा मीच पयल्यांदा आडवी पडले. ना भाषा आपली, ना गोत. लई दिस तिच्या हातचा चहाबी मी वास घिऊन प्याले, खोटं कशाला बोलू? मग मला टायफाड झाला, आन् शिरीननं — करुणानं — माझं हागनं-मुतनं काढलं. पोटच्या पोरीनं काढलं नसतं. आता तिच्या बापानं तिला मांडीवर घिऊन नावंतनं नदी वलांडली, त्यात तिचा काय गुन्हा? दूध पीत हुती की ती! — न्हाई, नदी म्हंजी... तिकडं लई नद्या हायत. आपल्या घोडनदीवानी. मालद्यातल्या मालद्यात. लिवून घिऊ नगा हां ह्ये!

चुलता-चुलतीला मातूर न्हेलं. खोल्यांतली समदीच न्हेली, ट्रकात घालून, आन् सरहद्दीपल्याड धाडायला दौंडात रेल्वेत बसवली. खुर्शिदचा अझरुद्दीन भाकरी द्यायला गेल्ता मागं, तर चुलती खिडकीतनं हिचंच नाव घेत हुती म्हनं. त्यानंतर चिट्ठी न्हाई, फोन न्हाई. तवापस्नं पोर दाराबाहीर पडत न्हाई. टेम्पोचा आवाज झाला तरी हातातलं टाकून उठती. एकदाच गेली एसटीडी बूथवर, भावाला फोन लावायला — काय बोलली, मला काय कळतंय? भाषा त्यांची. इचारलं तर म्हनली, "काय न्हाई आई, खुशाली." आई म्हनती मला.

आन् आता तुम्ही. एक शबुद बोलत न्हाई, आन् डोळं समदं घरात. काय बघताय? कोन न्हाई आत. ती माहेरी — बाजारला गेलीया. — काय? काय म्हनलात? परत म्हना... शिरीन? ह्ये नाव कुनी सांगितलं तुमाला? मी? मी तर करुणा म्हनले! उठा. उठा म्हनते! पंच आना, बाई शिपाई आना आन् मग — अगं ए! बाहीर कशाला आलीस? आत हो! अगं... अगं त्याच्या गळ्यात काय पडतीस? कोन हाय ह्यो?

भाऊ? तुजा?

अगं बया. मग बोलायचं न्हाई का रं बाबा, कवाधरनं बसलायस — मराठी येत न्हाई व्हय? म्हंजी काईच कळलं न्हाई तुला, आन् मी आपली... ये, आत ये. चपला राहू दे, ये तसाच. करुणे, चहा टाक. रडू नगं, त्यालाबी रडवतीस. काय म्हनतोय त्यो? चुलतीचं कळलं का काय? मला सांग की.

ती पिशवी कुठनं आनलीस? साड्या हायत न्हवं त्यात? — कवा भरलीस? त्यो तर आत्ता आलाय... पोरी, महेंद्राला ठाव हाय का? आज फस्ट शिफ्ट हाय त्याची, यीलच कंपनीची बस. तवर बसा की. तवर चहा तरी घ्या गं दोघं.

करुणे — माझ्याकडं बघ की.