पाच महिन्यांचा पुरावा

बाबा : चार वाजता म्हणजे चारपर्यंत, की चारच्या आत?

वैभवी : चारला पोर्टल बंद होतो, बाबा.

बाबा : बंद होतं. पोर्टल ते.

वैभवी : हो. ते बंद होतो.

बाबा : ब्रॅकनेलच्या ऑफिसात आम्ही डेडलाइनला कधी घाबरलो नाही. पुढे ढकलायचो.

वैभवी : ही ढकलत नाही. पीएचडी झाल्यावर तीन वर्षांत फेलोशिपला अप्लाय करायचा. माझे तीन वर्ष मार्चमध्ये संपले.

बाबा : आता ऑगस्ट आहे. मग काय भरतेयस?

वैभवी : घरातल्या आजारी माणसाला सांभाळलं असेल तर तेवढे महिने वाढवून देतात. माझे पाच. ते आज संपतात.

बाबा : कोण आजारी होतं?

वैभवी : तुम्ही.

बाबा : मी? बायपास हा काय आजार झाला? दुरुस्ती होती ती.

वैभवी : त्याचा पुरावा पाहिजे. म्हणून जीपीकडून, आपल्या डॉक्टरकडून, तुमची नोट्स मागवली. 'पेशंट स्वतःचं सगळं स्वतः करतो. मदतीला कोणी नाही, गरजही नाही.' सहा व्हिजिट, सहा वेळा तेच लिहिलाय.

बाबा : ती नर्स विचारायची, हाऊ आर वी मॅनेजिंग? मी म्हणायचो, व्हेरी वेल, थँक यू.

वैभवी : आई नागपूरला होती, आजीकडे. घरात मीच होते. नर्स यायच्या आधी माझ्याकडून मोजे घालून घ्यायचे आणि मला वर पाठवायचे तुम्ही.

बाबा : परक्या बाईला मोज्यांचं कशाला सांगायचं?

वैभवी : आपल्या लोकांना तरी कुठे सांगितलं? मराठी मंडळात सांगितलं, पुण्याला गेलोय, प्लॉटच्या कामाला.

बाबा : नाहीतर रोज डबे घेऊन आले असते. आणि बसले असते.

वैभवी : मंडळातल्या मालविकाकाकूची गाडी दिसली की मी पडदे लावायचे. भर दुपारी.

बाबा : बरं, पुरावा नाही म्हणून कळव त्यांना. तू इतिहासाची माणूस. पुरावा नसला की तुम्ही लोक काय करता?

वैभवी : माझा थीसिसच त्याच्यावर आहे. मठातल्या आजारी नन्सना कोण सांभाळायचं. एका म्हातारी ननला रोज भरवणाऱ्या बाईचं नावपण मिळालं मला. चौदाव्या शतकातलं.

बाबा : वा.

वैभवी : आपल्या बेसिंगस्टोकच्या घरातलं मिळत नाही.

बाबा : ...मी काय करायचं?

वैभवी : एक लेटर. शंभर शब्द. तुम्हाला काय काय जमत नव्हतं, ते कोण करत होतं.

बाबा : वाचणार कोण?

वैभवी : ऑफिसमधलं कोणीतरी. मग पॅनेल.

बाबा : त्यात मराठी कोणी?

वैभवी : मध्ययुगीन इतिहासाच्या पॅनेलवर?

बाबा : सांगता येत नाही. आपली माणसं हल्ली कुठेही असतात. घे लिहून. 'सदर काळात किरकोळ साहाय्य लाभले.'

वैभवी : किरकोळ नको. अंघोळ लिहा.

बाबा : अंघोळ?

वैभवी : नको तर नको. मग सोमवारी मी हेल्पडेस्कची जॉब घेते, ऑफर आलीय.

बाबा : पर्मनंट?

वैभवी : हो.

बाबा : पेन्शन?

वैभवी : हो.

बाबा : वाईट नाही.

वैभवी : नाही.

बाबा : रडतेयस की काय?

वैभवी : नाही. काहीच होत नाही, बाबा. मागच्या तीन रिजेक्शन्सना पण काही झालं नाही. मेल वाचला आणि भांडी लावली.

बाबा : ...आण तो लॅपटॉप इकडे.

(बाबा एका बोटाने टाइप करतात. बराच वेळ.)

वैभवी : तीस वर्षं आयटीमध्ये होते ना तुम्ही?

बाबा : मॅनेजर होतो. घे, वाच.

वैभवी : 'मला अंघोळ करता येत नव्हती. जिना चढता येत नव्हता. पहिले सहा आठवडे अंथरुणातून एकट्याने उठताही येत नव्हतं. सगळं मुलीने केलं. नर्सला मी खोटं सांगितलं.' हे शेवटचं कशाला?

बाबा : नाहीतर तुझं खोटं ठरेल.

वैभवी : ...सही करा. इथे, बोटाने.

बाबा : किती वाजले?

वैभवी : तीन बावन्न. फॉर्म गेला.

बाबा : कळणार कधी?

वैभवी : फेब्रुवारीत. शंभरात चार जणांना मिळते.

बाबा : म्हणजे मिळणार नाही.

वैभवी : बहुतेक नाही.

बाबा : मग माझ्या पत्राचं काय होणार?

वैभवी : कोणीतरी टिक करेल. मग काही नाही.

बाबा : एक प्रिंट काढ.

वैभवी : कशाला?

बाबा : जीपीकडे देऊन येतो. चुकीचं लिहून ठेवलंय त्यांनी.